मखराच्या मोसमात रुसलेला लेझर कटर

थर्माकोलचं मखर आता आपल्याकडून जवळजवळ हद्दपार झालं आहे. त्याच्या जागी प्लायवूडची जाळीदार कमान, लाकडी आकाशकंदील आणि बालवर्गाच्या नावांच्या पाट्या आल्या. यातलं बरंचसं काम कुणाच्या तरी गॅरेजमधला छोटा लेझर कटर करतो. आमच्या मंडळाचा असाच ४० वॅटचा कटर गणपतीला ३ आठवडे उरले असताना रुसला. पंखा चालू, डोकं इकडून तिकडे फिरतंय, पण लाकडावर साधा डागसुद्धा नाही.

या यंत्रातल्या कार्बन डायऑक्साइड लेझरचं आपल्या मातीशी नातं आहे. तो १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये सिद्ध केला कुमार पटेल यांनी. त्यांचा जन्म बारामतीचा आणि इंजिनीअरिंगचं शिक्षण पुण्यातलं. काचेच्या नळीत कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन आणि हेलियम यांचं मिश्रण असतं. त्यातून विजेचा प्रवाह गेला की डोळ्यांना न दिसणारा किरण तयार होतो. नळी तापू नये म्हणून तिच्याभोवती सतत पाणी फिरतं. भिंतीतल्या १२० व्होल्टचे हजारो व्होल्ट करून नळीला पुरवणारा डबा म्हणजे पॉवर सप्लाय.

किरण गेला की बहुतेकांचा पहिला संशय नळीवर जातो. आमच्याकडेही "नळी मागवा" आणि "यंत्रच नवीन घ्या" असे दोन पक्ष पडले. वर्गणीचे पैसे असल्यामुळे आधी दोष शोधायचं ठरलं. हाय व्होल्टेजच्या कामाचा व्यवसायातून अनुभव असलेले आमचे एक सभासद पुढे झाले, आणि रविवारच्या मराठी शाळेतली मोठी मुलं वही घेऊन लांब उभी राहिली.

सुरुवात सोप्यापासून. झाकणाचा सुरक्षा स्विच, लाल इमर्जन्सी बटण, पाण्याचा प्रवाह. यातलं काही अडलं तर यंत्र मुद्दामच किरण सोडत नाही. तिथे सगळं ठीक होतं. मग मिलिअँपिअरचा काटा पाहिला. काटा हलतो पण लाकूड कापलं जात नाही, तर आरसे, लेन्स किंवा थकलेली नळी तपासायची. आमचा काटा शून्यावरच होता.

पुढची पायरी सप्लायवरचं छोटं टेस्ट बटण. ते कॉम्प्युटर आणि पॅनल दोन्हींना वगळून थेट किरण मागतं. त्याने काटा हलला असता तर दोष पॅनलच्या वायरिंगमध्ये निघाला असता. हलला नाही, उलट डब्यातून चटचट आवाज आला. नळी तडकली किंवा तिची वायर सुटली तरी असा आवाज येऊ शकतो. म्हणून प्लग काढून, थांबून, नळी नीट पाहिली. तडा नव्हता, जोड घट्ट होते. मल्टिमीटरवर २४ आणि ५ व्होल्ट बरोबर मिळत होते, म्हणूनच मोटर फिरत होत्या. म्हणजे सप्लायचा कमी व्होल्टेजचा भाग जिवंत होता आणि हाय व्होल्टेजचा गेला होता.

"काका, त्या जाड लाल वायरलाही मीटर लावून बघू का?" एका मुलाने विचारलं.

"अजिबात नाही रे बाळा. आपला मीटर ६०० व्होल्टचा. त्या वायरमध्ये हजारो असतात. मीटर जाईलच, आणि धरणाराही."

नवा सप्लाय त्याच क्षमतेचा घेतला; जास्त ताकदीचा लावला तर नळीचं आयुष्य घटतं. प्लग काढल्यावरही आत चार्ज उरू शकतो, त्यामुळे बराच वेळ हात लावला नाही. प्रत्येक वायरचा फोटो काढला, चिकटपट्टीवर नाव लिहिलं आणि वायर रंगावरून नव्हे, टर्मिनलच्या नावावरून जोडली. नळीच्या पिनेला वायर घट्ट गुंडाळली. डाग दिला असता तर उष्णतेने काच तडकण्याची भीती. वर सिलिकॉन भरून २४ तास वाळू दिलं. यंत्राचा पत्रा आणि प्लगची अर्थिंगची पिन यांचा जोड मीटरने तपासला. मग पाणी सुरू, झाकण बंद आणि सर्वात कमी पॉवर. काटा ५ मिलिअँपिअरवर स्थिरावला आणि प्लायवूडवर बारीक रेघ उमटली. मखर वेळेवर उभं राहिलं, आणि नळीचा खर्च वाचला.

भारतातल्या नातेवाइकांसाठी एक सूचना. काही सप्लायवर ११५ आणि २३० व्होल्टचा छोटा स्विच असतो. इथलं यंत्र तिकडे नेलं आणि तो ११५ वरच राहिला, तर सप्लाय पहिल्याच क्षणी जळेल. तसंच पीव्हीसी कधीही कापू नका, त्यातून विषारी आम्लवायू निघतो. आणि हाय व्होल्टेजचा अनुभव नसेल तर तपासणी टेस्ट बटणापर्यंतच ठेवा. डब्याचं झाकण जाणकाराला उघडू द्या.