वंशावळीची साक्ष आणि डीएनए-परीक्षा : मांसोत्पादक गुरांच्या नोंदणीचा प्रश्न

शुद्ध जातीच्या जनावराची वंशावळ ही दिसावयास नोंदवहीतील एक ओळ असते. परंतु तत्त्वतः ती एका माणसाची साक्ष होय. अमुक वासरू अमुक गाईच्या पोटी अमुक वळूपासून झाले, असे पैदासकार लिहून देतो आणि त्या जातीचा संघ त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून ते नोंदवून घेतो. इंग्लंडमध्ये जॉर्ज कोट्स याने शॉर्टहॉर्न जातीची पहिली वंशनोंदवही १८२२ मध्ये प्रसिद्ध केली. हेरफर्ड जातीची नोंदवही १८४६ मध्ये निघाली. आणि ज्या नोंदवहीत ॲबर्डीन-अँगस गुरांचा समावेश होता, ती स्कॉटलंडमधील शिंगविरहित गुरांची नोंदवही १८६२ मध्ये निघाली. अमेरिकेत अँगस पैदासकारांचा संघ १८८३ मध्ये शिकागो येथे स्थापन झाला. या सर्व नोंदवह्यांचा पाया दीर्घकाळपर्यंत केवळ शब्दावरील विश्वास हाच होता. आज मात्र अनेक संघांच्या नियमांप्रमाणे विशिष्ट जनावरांची नोंद डीएनए-परीक्षेवाचून होत नाही. ही परीक्षा नेमके काय सिद्ध करते, काय सिद्ध करू शकत नाही, आणि तिच्यासंबंधीच्या नियमांना आजचे रूप का आले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

चूक कोठे संभवते

वंशावळीतील चूक ही नेहमी लबाडीचीच असते असे नाही. किंबहुना पुष्कळ चुका प्रामाणिकपणेच होतात. विस्तीर्ण कुरणात दोन-तीन वळू एकाच कळपात सोडलेले असतात, तेव्हा वासराचा पिता कोण, हे पाहणाऱ्यास सांगता येत नाही. कधी शेजारचा वळू कुंपण ओलांडून येतो. पुष्कळ ठिकाणी गाईंना प्रथम कृत्रिम रेतन करतात आणि ज्या गाभण राहिल्या नसतील त्यांच्यासाठी काही दिवसांनी कळपात वळू सोडतात. अँगस गाईचा गर्भकाळ सरासरीने सुमारे २८३ दिवसांचा असला तरी तो काही दिवस मागेपुढे होतो. त्यामुळे केवळ जन्मतारखेवरून पिता ठरविणे धोक्याचे असते. एकाच रात्री अनेक गाई व्यायल्या असता एक गाय दुसरीचे वासरू आपले म्हणून चाटते व पाजते, आणि सकाळी टिपण करणारा माणूस तेच खरे मानतो. अशा वेळी वळूविषयीची नोंद बिनचूक असूनही मातेविषयीची नोंद चुकते.

पूर्वी अशा चुकीचा परिणाम मर्यादित असे, कारण एका वळूची वासरे एका कळपापुरती असत. कृत्रिम रेतन व भ्रूणरोपण यांमुळे एकाच जनावराची हजारो अपत्ये निरनिराळ्या देशांत जन्माला येऊ लागली आणि मुळाशी झालेली एक चूक त्या सर्वांच्या वंशावळीत उतरू लागली. परीक्षेची सक्ती प्रथम रेतनाच्या वळूंना व भ्रूणदात्या गाईंना लागू झाली, याचे कारण यातच आहे.

रक्तगटांपासून डीएनएपर्यंत

वंशावळीची पडताळणी डीएनएपासून सुरू झाली नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात अर्विन, फर्ग्युसन, स्टॉर्मोंट प्रभृतींनी गुरांच्या रक्तगटांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि त्यावरून पितृत्वाचे वाद सोडविता येऊ लागले. त्याच विद्यापीठातील रे ओवेन याने १९४५ मध्ये एक विलक्षण गोष्ट दाखवून दिली. गुरांच्या बहुतेक जुळ्यांमध्ये गर्भाशयातच रक्तवाहिन्या एकमेकींस जोडल्या जातात व एकाच्या रक्तनिर्मात्या पेशी दुसऱ्याच्या शरीरात कायमच्या स्थिरावतात. गर्न्सी जातीच्या एका गाईला झालेल्या जुळ्यांपैकी एकाचा पिता गर्न्सी वळू व दुसऱ्याचा हेरफर्ड वळू होता. तरीही त्या दोघांच्या रक्तात दोन्ही पित्यांची चिन्हे आढळली. या शोधाचे महत्त्व रोगप्रतिकारशास्त्रात मोठे आहेच. परंतु नोंदणीच्या व्यवहारातही त्याचा धडा आजवर टिकून आहे. जुळ्या वासराचे रक्त हे एकट्या त्याचेच असेल असे नाही. म्हणून जुळ्यांच्या बाबतीत रक्ताऐवजी शेपटीच्या गोंड्याचे केस मुळांसकट उपटून पाठवावेत, असे प्रयोगशाळा सांगतात.

पुढे डीएनएमधील सूक्ष्म पुनरावृत्त खंडांची, म्हणजे मायक्रोसॅटेलाइटांची, पद्धत आली. आंतरराष्ट्रीय पशु-आनुवंशिकी संस्थेने असे खंड निवडून त्यांचा संच प्रमाण मानला, त्यामुळे एका देशातील निष्कर्ष दुसऱ्या देशात वाचता येऊ लागला. त्यानंतर एकेका अक्षराच्या फरकावर आधारलेल्या चिन्हांची, म्हणजे एसएनपी चिन्हांची, पद्धत रूढ झाली. गुरांच्या जनुकसंचाचे वाचन २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यासाठी निवडलेली गाय अमेरिकेतील हेरफर्ड जातीची होती. या स्थित्यंतरातून एक व्यावहारिक अडचण उद्भवली. मृत वळूचा केवळ जुन्या पद्धतीचा तपशील उपलब्ध असेल, तर नव्या पद्धतीने तपासलेल्या वासराशी त्याची थेट तुलना करता येत नाही. अशा वेळी वळूचे साठविलेले वीर्य मिळवून ते नव्याने तपासावे लागते, किंवा आसपासच्या एसएनपी चिन्हांवरून जुन्या खंडांचे अनुमान करावे लागते.

निरसनाचे गणित

या परीक्षेचे तर्कशास्त्र नीट समजून घेणे अगत्याचे आहे. प्रत्येक ठिकाणी वासराला एक प्रत पित्याकडून व एक मातेकडून मिळते. एखाद्या चिन्हाचे अ आणि ब असे दोन पर्याय आहेत असे मानू. वळू अअ व वासरू बब असेल, तर तो वळू त्या वासराचा पिता असू शकत नाही. परंतु असा विरोध आढळला नाही, एवढ्यावरून तो पिता आहे असे ठरत नाही. तो पिता असणे अशक्य नाही, इतकेच ठरते. तात्पर्य, डीएनए-परीक्षा मुख्यत्वे निरसन करते. पुष्टी ही निरसन न झाल्याने साचत जाणारी संभाव्यता होय.

दोन्ही पर्याय जातीत सारख्याच प्रमाणात असतील, तर संबंध नसलेला वळू एका चिन्हावर बाद होण्याची शक्यता १/८ असते. परस्परांपासून स्वतंत्र अशी ३२ चिन्हे वापरल्यास असा वळू निसटण्याची शक्यता सुमारे १.४ टक्के उरते. १०० चिन्हे वापरल्यास ती दहा लाखांत दोनाहूनही कमी होते. एवढ्यावर प्रश्न मिटला असे वाटेल. परंतु पैदासकार एकाच कुरणात सहसा परके वळू सोडीत नाही. तो सख्खे किंवा सावत्र भाऊ सोडतो. खऱ्या पित्याच्या सख्ख्या भावाच्या बाबतीत प्रत्येक चिन्हावर बाद होण्याची शक्यता निम्म्याने घटून १/१६ होते. मग ३२ चिन्हांनंतरही तो निसटण्याची शक्यता सुमारे १३ टक्के राहते. १०० चिन्हांनंतर ती दहा हजारांत सुमारे १६ होते खरी. परंतु प्रयोगशाळेतील वाचनात क्वचित चूक होत असल्यामुळे एका विरोधाकडे दुर्लक्ष करावयाचे असा नियम ठेवला, तर तीच शक्यता पुन्हा १.२ टक्क्यांवर जाते. हे सर्व आदर्श गृहीतकांवरचे आकडे आहेत. प्रत्यक्षातील चिन्हे इतकी अनुकूल नसतात. आयर्लंडमधील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पितृत्व-पडताळणीसाठी किमान ५०० चिन्हे वापरावीत असे सुचविले, त्यामागील कारण या हिशेबावरून सहज ध्यानी येईल.

याच गणिताची दुसरी बाजू वशिंडाच्या गुरांत दिसते. अमेरिकेतील ब्राह्मण ही मांसोत्पादक जात भारतातून गेलेल्या कांक्रेज, गीर व ओंगोल गुरांपासून बनली, आणि महाराष्ट्र-कर्नाटकाच्या कृष्णाकाठच्या कृष्णा खोरे जातीचाही तिच्यात अंश आहे. युरोपीय गुरांत दोन्ही पर्याय सारखे असलेले चिन्ह या गुरांत जवळजवळ एकाच पर्यायाचे असू शकते. दुर्मिळ पर्यायाचे प्रमाण ५ टक्के असेल, तर परका वळू त्या चिन्हावर बाद होण्याची शक्यता १/८ ऐवजी १/२०० हूनही कमी ठरते. म्हणून एका गोवंशासाठी निवडलेला चिन्हसंच दुसऱ्यासाठी डोळे मिटून वापरता येत नाही.

नियमांची रचना

निरनिराळ्या संघांचे नियम तपशिलात भिन्न असले तरी त्यांचा सांगाडा एकसारखा आहे. कृत्रिम रेतनासाठी वापरावयाच्या वळूचा व भ्रूणदात्या गाईचा डीएनए-तपशील संघाच्या दप्तरी असावा लागतो. एकाहून अधिक वळू असलेल्या कुरणातील वासराची नोंद पितृत्व ठरल्याशिवाय होत नाही. काही संघ भ्रूणरोपणातून झालेल्या वासरांची यादृच्छिक तपासणीही करतात. अमेरिकेतील वाग्यू संघासारख्या संस्था तर प्रत्येक जनावराची मातापित्यांसह पडताळणी मागतात. युरोपीय संघाचे २०१६ चे पशुपैदासविषयक नियमन १ नोव्हेंबर २०१८ पासून लागू झाले. त्यानुसार ज्या शुद्ध जातीच्या गुरांचे वीर्य रेतनासाठी घेतले जाते, त्यांची ओळख रक्तगट, डीएनए वा तितक्याच विश्वासार्ह पद्धतीने पटविणे आवश्यक आहे. पडताळणीत नोंद खोटी ठरल्यास खऱ्या पित्याचे नाव लावून वंशावळ दुरुस्त करतात. तो सापडला नाही तर नोंद रद्द होण्याचा प्रसंग येतो, आणि त्या जनावराच्या संततीच्या नोंदीही अडचणीत येतात.

वाहक आणि निर्दोष

पितृत्वाखेरीज नोंदणीशी निगडित झालेला दुसरा प्रश्न आनुवंशिक दोषांचा होय. १९४० व १९५० च्या दशकांत अमेरिकेतील हेरफर्ड व अँगस कळपांत खुजी, घरघरत श्वास घेणारी वासरे जन्मास येऊ लागली. दोष अप्रभावी असल्याने वाहक जनावर धडधाकट दिसे. कपाळाच्या बाह्यरेषेचे मापन करून, तसेच वासरांच्या मणक्यांची क्ष-किरण चित्रे घेऊन वाहक ओळखण्याचे प्रयत्न झाले. परंतु त्यांवर विसंबता येईना. खात्रीचा मार्ग एकच होता : वळूचा संयोग ज्ञात वाहक गाईंशी करावयाचा. लागोपाठ १६ वासरे निरोगी झाली, तर तो वळू वाहक नसल्याची सुमारे ९९ टक्के ग्वाही मिळे. हे सर्वांना परवडणारे नव्हते. म्हणून पुष्कळांनी सोपा उपाय केला, तो म्हणजे ज्या वंशावळीत संशयित पूर्वज दिसेल ती सबंध शाखाच टाकून देण्याचा. वाहकाचा निर्दोष जोडीदाराशी संयोग झाल्यास अपत्यांपैकी निम्मी वाहक असतात. तोच क्रम पुढे चालला तर नातवंडांत चतुर्थांश व पतवंडांत अष्टमांश उरतात. म्हणजे पतवंडांची शाखा कापली असता वाहक असलेल्या प्रत्येक जनावरामागे सात निर्दोष जनावरे बळी जात.

२००८ मध्ये अँगस जातीवर तसाच प्रसंग ओढवला. पाठीचा कणा वाकडा व सांधे आखडलेले अशी मृत वासरे जन्मास येऊ लागली. वंशावळींचा माग काढता ती एका अत्यंत लोकप्रिय वळूकडे वळत होती. त्याची संतती मांसाच्या गुणवत्तेसाठी नावाजलेली असल्यामुळे ती असंख्य कळपांत पसरली होती. यावेळी मात्र इलिनॉय विद्यापीठातील जोनाथन बीव्हर यांनी काही महिन्यांतच दोषाचे मूळ शोधले. सुमारे २३ हजार अक्षरांचा डीएनए-खंड गळाल्यामुळे हा दोष उद्भवतो असे दिसून आले, आणि त्यावर परीक्षा तयार झाली. संघाच्या नोंदीत जनावर दोषमुक्त की वाहक, हे नावापुढेच दाखविले जाऊ लागले. पूर्वी जे १६ वासरे सांगत, ते आता काही केसांवरून कळू लागले. आणि ज्या मालकाचा सबंध कळप केवळ पूर्वजाच्या नावामुळे संशयित ठरला होता, त्याला आपली निर्दोष जनावरे राखून ठेवणे शक्य झाले. परीक्षेची सक्ती पैदासकारास जाचक वाटते. परंतु तिनेच निर्दोष जनावरांचे रक्षणही केले, ही गोष्ट विसरता कामा नये.

परीक्षेची मर्यादा

असे असले तरी डीएनए-परीक्षेने साक्षीची जागा घेतली असे समजणे चुकीचे होईल. प्रयोगशाळा बोलते ती तिच्याकडे आलेल्या नमुन्याविषयी. तो नमुना कोणत्या जनावराचा, हे पाकिटावरील क्रमांक सांगतो आणि तो क्रमांक माणूस लिहितो. कानाचा लहानसा तुकडा घेताना त्याच क्षणी क्रमांकित बिल्ला कानात बसविणारी साधने निघाली, ती ही फट बुजविण्यासाठीच. समरूप जुळी किंवा कृत्रिमरीत्या निर्मिलेली प्रतिरूप जनावरे यांच्यात ही परीक्षा भेद करू शकत नाही. खरा पिता तपासलेल्यांच्या यादीतच नसेल, तर ती त्याचे नाव सांगू शकत नाही. जन्मतारीख, जन्माचे वजन, प्रसूती सुलभ की कठीण, या गोष्टी तर सर्वस्वी पैदासकाराच्या टिपणावरच अवलंबून राहतात, आणि वळूचे पैदासमूल्य काढताना त्यांवाचून चालत नाही.

वंशनोंदवही आजही साक्षीवरच उभी आहे. फरक इतकाच की १८२२ मध्ये ती साक्ष तपासण्याचे साधन नव्हते. आता ते आहे, आणि साक्ष देणाऱ्यासही ते ठाऊक आहे. त्या जाणिवेने टिपण करणारा हात अधिक सावध राहिला, तर परीक्षेचे निम्मे कार्य नमुना प्रयोगशाळेत पोहोचण्यापूर्वीच झालेले असते.