डोंगरमाथ्यावरील बिनतारी स्पर्धा

राजहंसगडावर चढून गेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने एक गोष्ट अनुभवली असेल. पायथ्याशी असताना जी गावे दिसत नव्हती, ती माथ्यावर पोहोचताच एकामागून एक नजरेच्या टप्प्यात येतात. उंचीमुळे डोळ्यांना जो लाभ होतो, तोच एका जातीच्या रेडिओलहरींनाही होतो. आणि या साध्या गोष्टीवर हौशी रेडिओचालकांची एक मोठी मनोरंजक स्पर्धा उभी आहे. आमच्या वाचकांस तिची ओळख करून द्यावी, असा आमचा मानस आहे.

हौशी रेडिओचालक म्हणजे पोटासाठी नव्हे, तर ज्ञानासाठी व आनंदासाठी बिनतारी संदेश पाठविणारी माणसे. त्यासाठी परीक्षा देऊन सरकारी परवाना मिळवावा लागतो. परवान्यावाचून संदेश पाठविता येत नाही. अमेरिकेतील अशा हौशी मंडळींची सूक्ष्मलहरींची स्पर्धा दरवर्षी ऑगस्ट व सप्टेंबर महिन्यांत भरते. या स्पर्धेतील मुख्य लहरी सेकंदास सुमारे १,००० कोटी कंपने करतात आणि त्यांची लांबी अवघी ३ सेंटिमीटर असते.

लहान लहरींची ही कथा जुनीच आहे. जर्मनीतील हाइन्रिख हर्ट्‌झ यांनी १८८८ साली जस्ताच्या वाकविलेल्या पत्र्याचे आरसे करून रेडिओलहरी प्रकाशाप्रमाणेच परावर्तित होतात, हे दाखविले. पुढे १८९५ साली आपल्या जगदीशचंद्र बसूंनी कोलकात्यात जाहीर प्रयोग केला. भिंतींपलीकडून पाठविलेल्या लहरींनी दूरची घंटा वाजली आणि बंदुकीची दारू पेटली. बसूंच्या काही लहरी तर मिलिमीटरांत मोजण्याइतक्या लहान होत्या. आजच्या डोंगरमाथ्यावरील हौशी चालक एका अर्थी त्याच वाटेवरचे प्रवासी होत.

या लहरी साधारणतः सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल असल्यामुळे काही अंतरावर जमीनच त्यांच्या आड येते. हे अंतर काढण्याची रीत सोपी आहे. आपली उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे व त्यास ४.१२ ने गुणावे. उत्तर किलोमीटरमध्ये येते. शाळेची गच्ची १० मीटर उंच धरली, तर सपाट मुलखात क्षितिज सुमारे १३ किलोमीटरांवर येईल. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील सर्वांत उंच शिखर ग्रेलॉक हे १,०६४ मीटर उंच आहे. तेथून हेच क्षितिज सुमारे १३४ किलोमीटर होते. त्याच राज्यात पूर्वेकडे ६११ मीटर उंचीचा वाचुसेट डोंगर आहे. त्याचे क्षितिज सुमारे १०२ किलोमीटर. या दोन शिखरांत सुमारे १०५ किलोमीटरांचेच अंतर आहे. तेव्हा मध्ये दुसरा डोंगर आडवा आला नाही, तर त्यांच्यामधील संभाषणास पृथ्वीच्या गोलाईची अडचण उरत नाही. स्पर्धक घरची सोय सोडून यंत्रे, तिपाई व बॅटऱ्या घेऊन डोंगर का गाठतात, हे यावरून ध्यानी येईल.

त्यांच्या यंत्राची शक्ती बहुधा काही वॅटच असते. सायकलच्या डायनॅमोवर जळणाऱ्या दिव्याला सुमारे ३ वॅट लागतात. एवढ्याशा शक्तीवर शंभर किलोमीटर कसे गाठावे? याचे उत्तर खोलगट तबकडीत आहे. ६० सेंटिमीटर व्यासाची तबकडी या लहरी चोहीकडे विखरू न देता सुमारे साडेतीन अंशांच्या झोतात गोळा करते. त्या एका दिशेला संदेश सुमारे दोन हजार पट प्रबळ होतो. मात्र इतर दिशांना जवळजवळ काहीच जात नाही.

येथेच खरी परीक्षा असते. आम्ही नकाशा व कोनमापक घेऊन हे गणित मांडून पाहिले. ग्रेलॉकवरून निघालेला झोत वाचुसेटपाशी पोहोचतो तेव्हा त्याची रुंदी साडेसहा किलोमीटरांच्या आत असते. आता होकायंत्राचा विचार करावा. त्या प्रदेशात होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून सुमारे १३ ते १४ अंश पश्चिमेकडे वळलेली असते. आपल्याकडे हा फरक अगदी थोडा असल्याने तो आपल्या लक्षातही येत नाही. तेथे मात्र जो स्पर्धक ही दुरुस्ती विसरेल, त्याचा झोत वाचुसेटपासून चोवीस किलोमीटरांहून अधिक अंतरावरून निघून जाईल. दिवसभर हाका मारूनही उत्तर येणार नाही, आणि यंत्र तर निर्दोष! म्हणून जाणते चालक आधी सूर्याच्या स्थानावरून किंवा एखाद्या ओळखीच्या केंद्राच्या संदेशावरून आपली तबकडी पडताळून घेतात.

दिशेप्रमाणेच कंप्रताही, म्हणजे दर सेकंदाच्या कंपनांची संख्याही, अचूक लागते. दहा लाखांत एक एवढी चूक आपण सहज क्षम्य मानू. परंतु १,००० कोटींत ती १०,००० कंपनांची होते. बोलण्याची पट्टी मात्र सुमारे ३,००० कंपनांचीच असते. म्हणजे एवढ्या चुकीने ऐकणारा भलत्याच जागी कान लावून बसेल. हल्ली उपग्रहांवरील आण्विक घड्याळांच्या संकेतांशी यंत्र जुळवून ही अडचण दूर करतात.

निसर्ग कधी अडवितो, तर कधी अनपेक्षित साह्य करतो. दोघांच्या मध्ये डोंगर असेल आणि दूर कोठे पावसाचा मोठा ढग उभा असेल, तर दोघेही आपापल्या तबकड्या त्या ढगाकडे वळवितात. पावसाच्या थेंबांवरून विखुरलेल्या लहरी दुसऱ्यापर्यंत पोहोचतात. आवाज घोगरा येतो, पण संदेश कळतो. तथापि तोच ढग विजांसह आपल्या माथ्याकडे येऊ लागला, तर गुणांचा मोह सोडून तत्काळ खाली उतरणे, हेच शहाणपण होय.

आता गुणांविषयी. पृथ्वीच्या नकाशाच्या लहान लहान चौकटी पाडून प्रत्येकीस अक्षरे व अंक दिलेले आहेत. दोन्ही केंद्रांनी एकमेकांचे नाव व चौकट बिनचूक ऐकून टिपली, तरच संभाषण धरले जाते. जितके किलोमीटर, तितके गुण. शिवाय प्रत्येक नव्या केंद्राबद्दल १०० गुण. निदान १६ किलोमीटर दूर जाऊन नवी जागा घेतली, तर जुन्या केंद्रांशी पुन्हा बोलता येते. म्हणून काही स्पर्धक एका दिवसात अनेक टेकड्या पालथ्या घालतात.

या नियमांत आम्हांला एक विशेष दिसतो. धावण्याच्या शर्यतीत शेजारचा मागे पडला, तर आपला लाभ होतो. येथे शेजारच्याने ऐकलेच नाही, तर आपल्या पदरीही शून्यच पडते. म्हणून स्पर्धक दुसऱ्या, लांब लहरींवर एकमेकांस विचारतात, ‘तबकडी कोठे वळविली आहे? जरा उत्तरेकडे घ्या. आता आवाज वाढला!’ प्रतिस्पर्ध्याची तबकडी नीट लावून दिल्यावाचून आपले गुण वाढत नाहीत.

आमच्या विद्यार्थिमित्रांनी सुटीत गडावर जावे, तेव्हा सोबत नकाशा, होकायंत्र व कोनमापक अवश्य न्यावे. समोरची टेकडी कोणत्या दिशेस, किती अंतरावर आणि किती उंच आहे, हे काढून पाहावे. यंत्र हाती येईल तेव्हा येवो; नेमकी दिशा धरण्याची आणि दुसऱ्याचे लक्षपूर्वक ऐकण्याची सवय मात्र आजपासूनच लावता येईल.