संपादकाचे नेतृत्व आणि माधवराव सप्रे

नेतृत्व ही संपादकाच्या अंगची उपजत शक्ती आणि वृत्तपत्र हे तिचे केवळ वाहन, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. सामाजिक रचनावाद हरकत घेतो ती येथेच. पीटर बर्गर व थॉमस लुकमन यांनी १९६६ मध्ये प्रतिपादन केले की, सामाजिक वास्तव माणसांच्या परस्परव्यवहारातून घडते आणि मागाहून ते निसर्गसिद्ध भासू लागते. असे मानले, तर नेता आधी व अनुयायी नंतर हा क्रम टिकत नाही. वाचक ज्या भाषेत नेत्याला ओळखतात त्या भाषेतच तो घडत असतो. उत्तर-संरचनावादी विचारवंत मिशेल फूको यांनी १९६९ मध्ये याहून मार्मिक मुद्दा मांडला : लेखनाबद्दल शिक्षा होऊ लागली, तेव्हा लेखनाला खऱ्या अर्थाने धनी मिळाला.

भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहण्यापूर्वी अर्धशतक, छत्तीसगढातल्या एका मराठीभाषक संपादकाच्या आयुष्यात या विचारांची कसोटी लागलेली दिसते. माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले आणि १९०७ मध्ये नागपुरास 'हिंदी केसरी' सुरू केला. हे दुसरे नावच बोलके आहे. पुण्याच्या 'केसरी'चा आवाज हिंदी वाचकांपर्यंत पोहोचविणाऱ्यास जे नेतृत्व लाभले, ते बऱ्याच अंशी उसन्या नाममुद्रेवर लाभले. अनुवादकाच्या वाट्याला एरवी तेवढेही येत नाही!

१९०८ मध्ये टिळक व सप्रे या दोघांवरही राजद्रोहाचा आरोप आला. टिळकांनी न्यायालयात आपल्या लेखांच्या इंग्रजी भाषांतरावरच आक्षेप घेतला. अर्थ ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हाच त्या वादाचा गाभा होता. शिक्षा झाली आणि त्यांचे लोकनेतेपण दुणावले. सप्रे थोरल्या बंधूंच्या दडपणामुळे माफी लिहून देऊन सुटले. लेखणी तीच, व्यासंग तोच. परंतु राजकीय नेतृत्व त्या एका कागदासरशी मावळले. ते उपजत असते, तर असे घडते ना.

तथापि या उपपत्तीला मर्यादा आहे. मंडालेची सहा वर्षे ही काही भाषेची निर्मिती नव्हे. ती एका देहाने सोसली. सप्रे यांची खंतही केवळ वाचकांनी रचलेली म्हणता येणार नाही.

पुढे त्यांनी 'दासबोध' आणि टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत आणले. १९२४ मध्ये देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. नेतृत्व पुन्हा मिळाले खरे. मात्र ते देणारा वाचकवर्ग निराळा होता.