ॲपचे नाव आणि शेजारच्या भाषा
(लेखांक ५)

ॲपला नाव देताना ते एखाद्या परकी भाषेत अभद्र तर ठरत नाही ना, हे बहुधा तपासले जाते, आणि ती तपासणी आवश्यकच आहे. ह्युंदाई कंपनीने हवाई बेटावरील एका भागावरून 'कोना' असे नाव दिलेली मोटार पोर्तुगालमध्ये 'काउआई' या दुसऱ्या हवाईयन नावाने विकली, कारण त्या उच्चाराचा पोर्तुगीज शब्द तेथे अश्लील समजला जातो. भारतात मात्र दूरच्या भाषांपेक्षा शेजारच्या भाषांची काळजी अधिक घ्यावी लागते. तत्सम शब्द, म्हणजे संस्कृतातून रूप न बदलता आलेले शब्द, हिंदीत आणि मराठीत सारखेच दिसतात, पण त्यांचे अर्थ कित्येकदा वेगळ्या वाटांनी गेलेले असतात. आणि शब्द ओळखीचा वाटतो म्हणूनच त्याची शहानिशा कोणी करीत नाही. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. मुलांच्या अभ्यासाच्या ॲपला यांपैकी एखादे नाव दिल्यास मराठी पालकाच्या मनात पहिला अर्थ कोणता येईल, हे वेगळे सांगायला नको.

दुसरी अडचण लिप्यंतराची, म्हणजे एका लिपीतील शब्द दुसऱ्या लिपीत उतरवण्याची आहे. बहुतेक ॲपांची नावे रोमन लिपीत नोंदवली जातात, आणि रोजच्या रोमन लेखनात ऱ्हस्व-दीर्घ तसेच 'ल' आणि 'ळ' हे भेद उरत नाहीत. त्यामुळे 'कला', 'काला', 'काळा' आणि प्रसूतिवेदनांचा अर्थ असलेला 'कळा' हे चारही शब्द एकाच अक्षरक्रमाने लिहिले जातात. ॲप स्टोअर आणि गूगल प्ले या दोन्ही ठिकाणी नावाला ३० वर्णांची मर्यादा असल्याने खुलाशाचे एक-दोन शब्द जोडता येतात. परंतु फोनच्या पडद्यावर चिन्हाखाली तेवढी जागा नसते, आणि बहुधा पहिलाच शब्द दिसतो. म्हणून नाव कागदावर दाखवण्याऐवजी निरनिराळ्या बोलींच्या भाषकांना त्याचे रोमन रूप मोठ्याने वाचायला सांगावे, आणि त्यांना काय आठवले ते अर्थ न सुचवता विचारावे. शब्दकोशात न सापडणारे ग्राम्य अर्थ अशाच वाचनातून हाती लागतात.

अर्थात कोणतीही तपासणी भविष्यातील अर्थ सांगू शकत नाही. टाटा मोटर्सने 'झिका' हे नाव ठरवले, तेव्हा त्याच उच्चाराचा विषाणू सर्वसामान्यांना माहीत नव्हता. २०१६ च्या आरंभी त्याची साथ जगभर गाजू लागली आणि मोटार बाजारात येण्यापूर्वीच तिचे नाव 'टियागो' झाले. ॲपच्या बाबतीत असा बदल काहीसा सोपा असतो, कारण दिसणारे नाव नंतरही बदलता येते. परंतु गूगल प्लेवर ॲपची अंतर्गत ओळख म्हणून दिलेला आयडी एकदा प्रसिद्ध झाल्यावर बदलत नाही, तेव्हा त्या आयडीत ॲपचे नाव न घालता संस्थेचे नाव आणि एखादा तटस्थ शब्द ठेवणे अधिक सुरक्षित ठरते.