एक, दोन, तीन आणि एक चुकलेले नाव

गेल्या वर्षी महाविद्यालयातील प्रदर्शनासाठी अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील नामवंतांची यादी मजकडे आली. यादी ग्रंथालयाच्या रीतीने, आडनाव आधी: पारनेरचे सेनापती बापट 'बापट पांडुरंग महादेव', रेव्हरंड टिळक 'टिळक नारायण वामन'. कार्डांवर मात्र आडनाव शेवटी हवे होते. दोनशे नावे हाताने कोण फिरवणार?

एका मित्राने 'सेड' ही आज्ञा शिकवली. १९७० च्या दशकात बेल प्रयोगशाळेत ली मॅक्महॉन यांनी ती रचली. ती फाइलमधली एकेक ओळ वाचते, दिलेल्या साच्याशी ताडून पाहते आणि जुळली तर सांगितल्याप्रमाणे बदलते. माझा साचा होता तीन शब्दांचा, मध्ये मोकळी जागा. शब्दाभोवती कंस घातला की तो क्रमांकाने लक्षात राहतो. मग एवढेच सांगायचे: दोन, तीन, एक. क्षणात 'पांडुरंग महादेव बापट' तयार!

शब्द म्हणजे काय, हेही यंत्राला सांगावे लागते. प्रथम मी अक्षरे मोजू पाहिली आणि फसलो. 'नारायण' आपल्या लेखी चार अक्षरे. संगणक काने वेगळे धरून सहा मोजतो. म्हणून 'मोकळी जागा येईपर्यंतचे सारे' हीच व्याख्या बरी.

प्रदर्शनाच्या दिवशी लोणीकडचे एक वृद्ध गृहस्थ एका कार्डापुढे थबकले. "बाळ, हे कोण?" कार्डावर होते 'पाटील विठ्ठलराव विखे एकनाथराव'. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे प्रवर्तक विठ्ठलराव एकनाथराव विखे पाटील यांचे आडनावच मी दुभंगले होते! मान खाली गेली.

चूक यंत्राची नव्हती. ओळीचा आरंभ आणि शेवट दाखवणाऱ्या खुणा मी साच्यात घातल्या नव्हत्या. म्हणून चार शब्दांतले पहिले तीन त्याने इमानाने फिरवले. खुणा असत्या तर ती ओळ जशीच्या तशी राहिली असती.

आता मी आधी मूळ फाइलची प्रत ठेवतो. मग 'ग्रेप' या आज्ञेने साच्यात न बसणाऱ्या ओळी वेगळ्या काढून हाताने सुधारतो. तरीही धोका उरतोच. यादीत नुसते 'विखे पाटील विठ्ठलराव' असते, तर खुणा घालूनही नाव मोडलेच असते. शब्द मोजणाऱ्याला आडनाव कोठे संपते हे कसे कळावे? ते त्या गृहस्थांना ठाऊक होते. म्हणून छापण्यापूर्वी यादी मी आता एखाद्या जाणत्या माणसाला वाचून दाखवतो.