वेताळ पुन्हा झाडावर!

आमच्या घरी एक लोखंडी कपाट आहे. त्यात दागिने असावेत, असा शेजाऱ्यांचा समज. तो आम्ही मोडलेला नाही. आत ‘चांदोबा’चे अठरा बांधीव खंड आहेत असे सांगितले, तर चाळिशी उलटलेल्या मराठीच्या प्राध्यापकाची उरलीसुरली अब्रूही जायची!

‘चांदोबा’ मूळचा मद्रासचा. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी १९४७ साली तेलुगू ‘चंदामामा’ काढला. १९५२ पासून तो मराठीत बोलू लागला. तिथे गोष्टीइतकाच मान चित्राला असे. ‘शंकर’ अशी सही करणाऱ्या के. सी. शिवशंकरन यांचे ते चित्र आठवते ना? खांद्यावर प्रेत, हाती उपसलेली तलवार आणि चेहऱ्यावर भयाची रेघसुद्धा नसलेला विक्रमराजा!

अंक आला की वडील तो रात्री मोठ्याने वाचीत. वेताळाच्या प्रश्नापाशी येऊन अंक मिटीत आणि मला म्हणत, “बोला राजे, की डोके फोडून घेता?” उत्तर दिल्यावाचून पान उलटत नसे. वर्षाचे बारा अंक ते स्वतः दाभणाने शिवीत, खळ लावून पुठ्ठा चढवीत. घर बदलताना तीन खंड रद्दीत गेले. त्यांतले दोन मी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून धुंडाळून आणले. तिसरा अजून सापडायचा आहे.

इतक्या कष्टाचे धन मुलांच्या हाती कोण देणार? मी कुलूप घातले.

गेल्या वर्षी वडिलांना अर्धांगवायू झाला. समज शाबूत राहिली, वाचा गेली. एका संध्याकाळी कॉलेजातून परततो तो कपाट सताड उघडे! आजोबांच्या पलंगावर खंड पसरलेले, एका पानाचा कोपरा फाटलेला. मी ओरडणार, इतक्यात आमच्या आठ वर्षांच्या कन्येने पुस्तक मिटले. “आजोबा, तिघांत खरा त्यागी कोण? सांगा!”

माझ्या पोटात कालवले. ते कसे सांगणार?

वडिलांनी डाव्या हाताने पुस्तक उघडायची खूण केली. चित्रात तीन तरुण उभे होते. त्यांनी मधल्यावर बोट ठेवले. कन्येने पान उलटून वाचले आणि टाळी वाजवली, “बरोब्बर!” कित्येक महिन्यांनी वडील हसले.

संस्कृत ‘वेतालपंचविंशती’त अखेरच्या कोड्याला राजाला उत्तर सुचत नाही. तो गप्प राहतो आणि येरझारा संपतात. ‘चांदोबा’ने मात्र पंचविसांवर न थांबता नव्या कथा रचल्या आणि राजाला वर्षानुवर्षे बोलते ठेवले. २०१३ च्या सुमारास मासिक बंद पडले, २०२० साली शंकरही गेले.

आमच्या कपाटाला आता कुलूप नाही. फाटका कोपरा खळीने चिकटवला; त्यावर हळदीचा डागही पडला. पडेना! रोज रात्री आजोबांचे बोट चित्रावर टेकते आणि वेताळ पुन्हा झाडावर जातो.