दणका नको, नेम हवा : जुनी स्प्रिंग एअर रायफल (भाग 6)

जुनी एअर रायफल हाती आली की बहुतेक हौशी माणसं आधी स्प्रिंग बदलायला निघतात, आणि तीही मूळच्यापेक्षा जाड तारेची. इतक्या वर्षांची स्प्रिंग थकलेली असणार, दणकट घातली की छर्रा जोरात जाईल, असा सरळ हिशेब असतो. प्रत्यक्षात रायफल भरताना हात भरून येतो, चाप ओढताच खांद्याला हिसका बसतो, छर्रे कागदभर विखुरतात आणि वेग जेमतेम वाढतो. कधी कधी तर तो घटतोही. जुनी रायफल विकत घेताना काय पाहावं, ते गेल्या भागात आलं. आता ती उघडायची आहे. उदाहरण घेतलंय डायना 27 चं.

ही रायफल जर्मनीतल्या रास्टाट गावची. याकोब मायर आणि योजेफ ग्रामेल्सपाखर यांनी 1890 मध्ये उभारलेल्या कारखान्यात ती घडली. त्यांच्या मालावरचा छाप मोठा देखणा आहे: शिकारीची रोमन देवता डायना, हातात उंच धरलेली एअर रायफल, आणि धनुष्यबाण पायाशी टाकून दिलेले. दुसऱ्या महायुद्धानंतर भरपाई म्हणून यंत्रसामग्री आणि डायना हे नाव, दोन्ही ब्रिटनकडे गेलं. स्कॉटलंडची मिलब्रो कंपनी त्या नावाने बंदुका विकू लागली आणि मूळ जर्मन कारखान्याला ब्रिटनमध्ये आपलाच माल ‘ओरिजिनल’ या नावाने विकावा लागला. म्हणून ‘ओरिजिनल 27’ असा शिक्का दिसला तर ती नक्कल समजू नये. अमेरिकेत हीच रायफल ‘हाय-स्कोर 807’ आणि ‘विंचेस्टर 427’ म्हणून खपली. सुटे भाग शोधणाऱ्याला ही सगळी नावं ठाऊक असलेली बरी.

आपल्याकडे जत्रेत फुगे फोडायला जी छऱ्यांची बंदूक हातात मिळते, तिचंही तत्त्व हेच. नळी बिजागरीवर खाली ओढली की जोडदांडा पिस्टनला मागे ढकलतो, स्प्रिंग दबते आणि खटका पिस्टनला धरून ठेवतो. चाप ओढला की पिस्टन पुढे झेपावतो. त्याच्यापुढची हवा काही हजारांश सेकंदांत इतकी दाबली जाते की तिचं तापमान शेकडो अंशांवर जातं, आणि ती बारीक छिद्रातून छर्ऱ्यामागे घुसते. पिस्टन नळकांड्याच्या टोकाशी येतो तेव्हा याच दाबलेल्या हवेची गादी त्याचा वेग आवरते. स्प्रिंग गरजेपेक्षा कडक असेल तर पिस्टन या गादीवरून मागे उसळतो आणि ऐन मोक्याच्या क्षणी छर्ऱ्यामागचा दाब पडतो. नळकांड्यात हवा मावते तेवढीच मावते. स्प्रिंग कितीही कडक घातली तरी त्यात चमचाभर हवा वाढत नाही.

हिसक्याचं कारणही इथेच आहे. पिस्टन पुढे निघताना रायफल मागे सरकते, तो थांबताना ती पुढे झटका खाते, आणि छर्रा नळीबाहेर पडण्याआधीच ही हालचाल सुरू झालेली असते. अशा दुहेरी झटक्याने कच्च्या दुर्बिणी निकामी होतात. स्पर्धेच्या रायफली बनवणाऱ्यांनी यावर अफलातून उपाय काढले. ओबेर्नडॉर्फच्या फाइनवेर्कबाऊने आपल्या 300 एस मध्ये नळी आणि यंत्रणा दस्त्यावर रुळांसारखी सरकती ठेवली, म्हणजे झटका खांद्यापर्यंत पोचतच नाही. डायनाने स्पर्धेच्या रायफलींत एक दुसराच पिस्टन उलट दिशेने पळवला. साध्या 27 मध्ये असलं काही नाही. तिथे जे साधायचं ते नीट बसलेल्या भागांतूनच साधायचं.

उघडण्यापूर्वी नळी रिकामी आहे याची खात्री करावी, दोनदा करावी. मग एक सोपी तपासणी: नळी जिथे मोडते त्या सांध्यावर टिश्यू पेपरची अरुंद पट्टी ठेवून, सुरक्षित जागी लक्ष्यावर एक छर्रा झाडायचा. पट्टी फडफडली तर हवा सांध्यातून गळतेय. तिथला चामड्याचा छोटा वॉशर चपटा झालेला असतो. तो बदलला किंवा त्याखाली पातळ चकती घालून किंचित वर उचलला, तरी गेलेला वेग पुष्कळदा परत येतो. रायफल न खोलता होणारं हे काम लोक सगळ्यात शेवटी करतात, याचं नवल वाटतं.

खोलताना लक्षात ठेवायची गोष्ट अशी की न भरलेल्या रायफलमध्येही स्प्रिंग काही इंच दाबलेलीच असते. मागचा ठोकळा नुसत्या हाताने सोडवला तर तो तोंडावर येऊ शकतो. सुताराचा लांब क्लॅम्प, डोळ्यांवर चष्मा आणि घाई नसलेला दिवस, एवढं हवंच. डायना 27 च्या खटक्यात पिस्टनचा दांडा तीन बेअरिंगच्या गोळ्या पकडून ठेवतात. भाग सुटताच त्या ओघळून जमिनीवर जातात, म्हणून खाली पांढरं कापड पसरावं. जोडताना त्यांना घट्ट ग्रीसने जागच्या जागी चिकटवून ठेवायचं. अर्धशतकापूर्वीची ही रचना आजही बोटाला लोण्यासारखी लागते. ती पाहिली की कमी किमतीच्या मालातही त्या कारागिरांनी किती जीव ओतला होता ते कळतं.

पिस्टनच्या तोंडाला चामड्याची वाटी असते, स्टोव्हच्या पंपाच्या वायसरसारखीच. ती वाळून कडक झाली म्हणजे बाद झाली असं नाही. चामडं फाटलेलं किंवा जळून काळं पडलेलं नसेल तर नीट्सफूट तेलात रात्रभर भिजवल्यावर ते पुन्हा लवचिक होतं, त्याची कड नळकांड्याला चहूबाजूंनी टेकते. त्या काळातल्या काही स्पर्धेच्या रायफलींत मात्र कृत्रिम सील घातले होते. ते वर्षानुवर्षं कपाटात पडूनच भुसभुशीत होतात आणि बोटाने चुरतात. चामड्याचं सील जिथे आहे तिथे ते काढून प्लास्टिकचं बसवण्याचा मोह टाळावा.

आता स्प्रिंग. ती पुसून काचेवर लोळवावी. सरळ असेल तर ती सारख्या गतीने लोळते, वाकलेली असेल तर उड्या घेत जाते. वाकलेली स्प्रिंग बदलायची, पण मूळ मापाचीच आणायची. सरळ असेल, लांबी फार घटलेली नसेल, तर तीच ठेवावी. खरा घोळ बहुतेकदा स्प्रिंगच्या आतल्या मार्गदर्शक दांड्यात असतो: तो ढिला असेल तर स्प्रिंग सुटताना त्यावर थरथरते आणि गोळीबारानंतर तो ओळखीचा झणझणाट ऐकू येतो. लेथवर दांडा असा वळवून घ्यावा की स्प्रिंग त्यावर हलक्या दाबाने चढेल. स्प्रिंगची टोकं बारीक पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करावीत, बर काढावेत, टोकाशी एक गुळगुळीत चकती ठेवावी. पिस्टनच्या घासणाऱ्या भागांना मॉलिब्डेनमचं ग्रीस, स्प्रिंगला घट्ट चिकट ग्रीसचा पातळ हात. झणझणाट एवढ्यानेच बराचसा थांबतो.

तेलाबाबत मात्र हात आखडता घ्यावा. पिस्टनपुढे साधं मशिनचं तेल गेलं की गरम हवेत ते पेटतं, धूर आणि फटाका निघतो, सील आणि स्प्रिंग दोन्ही खराब होतात. जी. व्ही. आणि जी. एम. कार्ड्यू या ब्रिटिश प्रयोगकर्त्यांनी 1970 च्या दशकात एक सुंदर प्रयोग केला. त्यांनी रायफल नायट्रोजनमध्ये झाडून पाहिली. नायट्रोजनमध्ये काही जळत नाही. वेग ठळकपणे घसरला. म्हणजे नीट चालणाऱ्या रायफलमध्येही थोडंसं तेल दर खेपेला जळत असतंच आणि छर्ऱ्याला बळ देतं. या थोडक्याचं प्रमाण बिघडवायचं नाही.

वेगाची हाव धरण्यात अर्थ नाही, हे आकडेही सांगतात. जर्मनीत परवान्याविना मिळणाऱ्या एअर रायफलला 7.5 जूलची मर्यादा आहे आणि पंचकोनातला एफ हा तिचा शिक्का. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण 173 मीटर गेला की 7.5 जूल होतात. दहा मीटरच्या स्पर्धेत दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तो गाठायला तेवढी ताकद भरपूर झाली. भारतात 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे 20 जूलच्या वरच्या किंवा 4.5 मिलिमीटरहून मोठ्या नळीच्या एअर रायफलला परवाना लागतो. जाड स्प्रिंगच्या नादी लागणाऱ्याने हेही ध्यानात ठेवलेलं बरं.

जोडणी झाल्यावर वेग मोजायच्या यंत्रासमोर दहा छर्रे झाडावेत. रायफल उघडण्यापूर्वीही दहा मोजलेले असतील तर तुलना करता येते, नाहीतर सगळं मोघम राहतं. सुरुवातीचे काही छर्रे धुरकट जातील, वेग वरखाली होईल. जास्तीचं तेल जळून गेलं की आकडे जवळजवळ येतात. सरासरी किती याहून ते किती जवळ आले हे पाहावं. आकडे पांगलेलेच राहिले तर सील नळकांड्याला नीट टेकत नाही, ते पुन्हा काढून पाहावं. आकडे जवळ असूनही कागदावर छर्रे पांगत असतील तर आधी दस्त्याचे स्क्रू आणि नळीच्या बिजागरीचा स्क्रू तपासावा. ते ढिले पडतातच. मग धरण्याची पद्धत पाहावी: स्प्रिंगची रायफल घट्ट आवळायची नाही, पुढचा दस्ता उघड्या तळव्यावर नुसता टेकवायचा आणि तिला तिच्या पद्धतीने हलू द्यायचं. अमेरिकी एअरगन-लेखक टॉम गेलॉर्ड यांनी या पद्धतीला तोफेवरून नाव दिलं आणि ती जगभर रुळली.

चापाची जुळणी आणि नळीच्या तोंडाची दुरुस्ती पुढच्या भागात.